हलत्या जमिनीवर पावणेदोन वर्षं

मार्च 2025 मध्ये आम्ही टोकियोहून ठाण्याला परतलो. तेव्हापासून निदान पाच जणींनी हाच प्रश्न विचारलाय: "यांची जपानला बदली होतेय, भूकंपाचं काय गं?" प्रत्येकीला रात्री अकरा वाजता लांबलचक व्हॉइस मेसेज पाठवण्यापेक्षा एकदाच लिहून काढते. मी भूकंपतज्ज्ञ नाही. नौपाड्यात वाढले, एका सीएच्या ऑफिसात नोकरी करत होते, ती सोडून नवऱ्यामागे लेकीला घेऊन गेले. त्या नजरेने वाचा.

बदलीचं नोव्हेंबर 2022 मध्ये ठरलं. नवरा जानेवारीत एकटा पुढे गेला आणि आमच्या कागदांचं काम सुरू झालं. तिकडच्या इमिग्रेशनकडून आधी 'सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी' यावं लागतं, सगळे त्याला सीओई म्हणतात. ते आलं की मगच व्हिसाचा अर्ज. सीओईसाठी लग्नाचा दाखला आणि मुलीचा जन्मदाखला लागतो, आणि आमच्या दाखल्यावर नवऱ्याच्या वडिलांचं नाव एका स्पेलिंगने तर पासपोर्टवर दुसऱ्या. ती एक 'ए' दुरुस्त करून घ्यायला एका कार्यालयात चार चकरा झाल्या. चौथ्या चकरेला साहेब रजेवर नव्हते, एवढंच यश. माझ्या पासपोर्टवर माहेरचं नाव होतं, तो वागळे इस्टेटच्या पासपोर्ट सेवा केंद्रातून नव्याने काढला: माझे 1500 रुपये, लेकीचे 1000. हे काम बदलीची कुणकुण लागताच करून टाका. पुढचं सगळं पासपोर्टवरच्या अक्षरांवर चालतं.

नवऱ्याने टोकियोत 8 फेब्रुवारीला अर्ज भरला, सीओई 17 एप्रिलला ईमेलने आलं. ते तीनच महिने चालतं, म्हणून ते हातात आल्यावर तिकिटं काढताना फार रेंगाळू नका. मुंबईच्या केंद्रात व्हिसाचा अर्ज दिला आणि आठव्या दिवशी पासपोर्ट परत मिळाले.

मध्येच 11 मेची रात्र आली. पाऊण वाजता फोन वाजला. नवरा. तिकडे पहाटेचे सव्वाचार झाले होते. टोकियोशेजारच्या चिबा प्रांतात 5.2 चा भूकंप झाला होता आणि पलंग हलल्याने तो जागा झाला होता. "काही नाही, सांगायला फोन केला," असं म्हणाला आणि नंतर वीस मिनिटं ठेवेचना. मी सकाळी सासूबाईंना म्हटलं, आपण हे नक्की करतोय ना? सासूबाईंचं माहेर पाटणजवळचं. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा त्या बारा वर्षांच्या होत्या. त्यानंतर कित्येक दिवस सगळं गाव अंगणात झोपत होतं, थंडीत. त्या भाजी निवडता निवडता एवढंच म्हणाल्या, "आमच्याकडे कोणी शिकवलं नव्हतं. तिथे शिकवतात म्हणे. शिकून घे."

11 जूनला, रविवारी, दिल्लीमार्गे नारिताला उतरलो. विमानतळावरच रेसिडेन्स कार्ड हातात देतात. मग घराचा पत्ता नक्की झाल्यापासून 14 दिवसांत वॉर्ड ऑफिसात तो नोंदवावा लागतो. आम्ही 19 तारखेला गेलो. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा: नवरा-बायको, आई-मुलगी हे नातं सिद्ध करणारे मूळ दाखले आणि त्यांचं जपानी भाषांतर, दोन्ही जवळ हवं. आमच्याकडे भाषांतर नव्हतं. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाने संध्याकाळी बसून करून दिलं, खाली भाषांतरकार म्हणून स्वतःचं नाव लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी काम झालं.

घर होतं निशी-कासाईला, एदोगावा वॉर्डात. इथे भारतीय इतके आहेत की कढीपत्ता शोधावा लागत नाही. 2019 मध्ये या वॉर्डाच्या निवडणुकीत योगेंद्र पुराणिक निवडून आले, मराठी माणूस. आम्ही यूआर या सरकारी गृहसंस्थेचा फ्लॅट घेतला. तिथे जामीनदार लागत नाही, दलाली नाही, घरमालकाला द्यायची आणि परत न मिळणारी 'की मनी' नाही. फक्त दोन महिन्यांचं डिपॉझिट. भाडं 1,12,000 येन. इमारत जुनी होती, पण कोणत्या वर्षाची हे मी आधी विचारलं. जून 1981 मध्ये जपानने भूकंपरोधक बांधकामाचे नियम कडक केले. त्यानंतर मंजूर झालेली इमारत घ्यायची. बांधून कधी झाली ते नव्हे, मंजुरी कधीची ते बघायचं.

वॉर्ड ऑफिसात पिशवीभर कागद मिळतात. त्यात एक नकाशा होता. वरच्या चित्रात एदोगावातून बाहेर जाणारे बाण आणि जपानीत ठळक वाक्य. काउंटरवरच्या मुलीला अर्थ विचारला. ती ओशाळून म्हणाली, "इथे थांबू नका." तो पुराचा नकाशा होता. वॉर्डाची सुमारे 70 टक्के जमीन भरतीच्या पातळीखाली आहे आणि वॉर्डाने स्वतःच ते छापून लोकांच्या हातात दिलंय. 26 जुलै 2005 ला वंदना टॉकीजजवळ छातीभर पाण्यातून घरी आलेली मी. आपल्याकडे असा नकाशा कोणी छापला असता तर आधी बिल्डरांचा मोर्चा निघाला असता.

पहिला धक्का जूनच्या शेवटी, दुपारी बसला. कुकरची दुसरी शिट्टी व्हायची होती. फ्रिजवरचा डबा खुळखुळला, पंख्याची दोरी झुलायला लागली आणि मी लेकीला उचलून चार मजले धावत खाली आले. अनवाणी. गॅस चालू. खाली पार्सलवाला होता, त्याने वाकून नमस्कार केला. बाकी कोणीही नाही. वर बाल्कनीत एक बाई शांतपणे गादीवर काठी आपटत होत्या. तो शिंदो 2 होता.

शिंदो म्हणजे काय ते आधी समजून घ्या, नाहीतर बातम्या ऐकून उगीच जीव खालीवर होतो. कढईत किती मिरच्या टाकल्या तो मॅग्निट्यूड, म्हणजे भूकंपाची मूळ ताकद. त्या फोडणीने स्वयंपाकघरात उभ्या असलेल्याला किती ठसका लागला, हॉलमध्ये बसलेल्याला किती, शेजारच्या घरात किती, तो शिंदो, म्हणजे त्या त्या जागी जमीन किती हलली ते. भूकंप एक, मॅग्निट्यूड एक, शिंदो प्रत्येक गावाचा वेगळा. 0 पासून 7 पर्यंत, त्यात 5 आणि 6 चे खालचा-वरचा असे दोन-दोन भाग, म्हणजे एकूण दहा पायऱ्या. 3 पर्यंत लोक बोलणंही थांबवत नाहीत. 4 ला दिवे चांगलेच झुलतात. खालच्या 5 पासून फडताळातल्या वस्तू पडतात, आणि तेवढा धक्का अपेक्षित असला की फोनवर इशारा येतो.

आणि धावायचं नाही. ही माझी पहिली आणि सगळ्यात मोठी चूक. हलत असताना जिन्यात माणूस पडतो, बाहेर वरून काचा पडतात. टेबलाखाली जायचं, डोकं झाकायचं, टेबलाचा पाय धरायचा. थांबलं की गॅस बंद करायचा, दार उघडून ठेवायचं, कारण चौकट वाकली तर ते नंतर उघडत नाही. तिथल्या गॅस मीटरना साधारण शिंदो 5 च्या धक्क्याला पुरवठा आपोआप बंद करायची सोय असते. परत सुरू करायला मीटरवरचं बटण दाबून तीन मिनिटं थांबावं लागतं. हे माहीत नसलेले नवीन लोक गॅस गेला म्हणून बसून राहतात.

जुलैत सामान जमवलं. कपाट आणि छत यांच्यामध्ये घट्ट बसवायचे खांब, दोन जोड्या, 5,600 येन. टीव्हीखाली चिकट जेलच्या चकत्या. पाण्याशिवाय वापरायच्या टॉयलेट पिशव्या, 50 चा खोका. हा आधी नवऱ्याला चेष्टेचा विषय वाटला, पण पाणी गेलं की पहिली पंचाईत हीच होते. टॉर्च, हाताने फिरवायचा रेडिओ, पाठीवरची पिशवी. सगळं मिळून 18,000 येन, म्हणजे तेव्हाचे साधारण दहा हजार रुपये. पाणी माणशी रोज 3 लिटर धरतात. तीन माणसं, तीन दिवस, 27 लिटर. आम्ही 2 लिटरच्या सहा बाटल्यांचे तीन खोके ठेवले, 36 लिटर. जुने वापरायचे, नवीन मागे लावायचे. आपण धान्याच्या डब्यांचं करतो तसंच.

खाण्याची मात्र गंमत झाली. आपत्तीसाठी मिळणाऱ्या बहुतेक पाकिटांत माशाचा अर्क असतो आणि आमच्याकडे सोमवार-गुरुवार पाळणारा माणूस आहे. मग साध्या पांढऱ्या 'अल्फा' भाताची पाकिटं घेतली. त्यात गरम पाणी घातलं की पंधरा मिनिटांत भात होतो, गार पाणी घातलं तर तासाने. सोबत ठाण्याहून आलेलं मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि पातळ पोहे. एका रविवारी गॅस न पेटवता हेच जेवून बघितलं. गार पाण्यातला भात आणि मेतकूट खाऊन लेक म्हणाली, भूकंप नसताना पण करशील का?

शाळेकडून जुलैत एक पिवळं कार्ड आलं. लेकीला जवळच्या जपानी सरकारी शाळेत दुसरीत घातलं होतं. तिच्या खुर्चीला कापसाची जाड टोपी बांधलेली, एरवी बसायला गादी, धक्का बसला की डोक्यावर. ते कार्ड होतं मोठ्या भूकंपानंतर मुलांना शाळेतून कोण नेणार यासाठी. कार्डावर नाव नसलेल्या माणसाच्या ताब्यात मूल देत नाहीत. रकाने तीन. पहिला मी. दुसरा नवरा, जो कावासाकीला कामाला, तासाभराच्या अंतरावर, आणि गाड्या बंद पडल्या तर किती तासांवर देव जाणे. तिसरा?

ठाण्यात मला त्या रकान्यासाठी वीस नावं सुचली असती. आई, बहीण, खालच्या मजल्यावरच्या काकू, भाजीवाला भैयासुद्धा. तिथे मी आठवडाभर ते कार्ड फ्रिजवर लावून ठेवलं. मजल्यावरच्या तेलुगू कुटुंबाला विचारणार होते, पण ते ऑगस्टमध्ये हैदराबादला परत चालले होते. उरल्या शेजारच्या आजी. त्यांच्याशी माझा संबंध सकाळच्या 'ओहायो गोझाइमास'पुरता. चकल्या केल्या, त्यांच्या खाऱ्या बिस्किटांच्या जवळ जाणारा आपला तोच पदार्थ. फोनवर भाषांतर करून दार वाजवलं. आजींनी फोन वाचला, कार्ड वाचलं, आत गेल्या, चष्मा घेऊन आल्या, परत वाचलं. मला वाटलं नाही म्हणणार. त्यांनी पेन मागितलं आणि तिसऱ्या रकान्यात स्वतःचं नाव, फोन नंबर, आणि नात्याच्या जागी 'शेजारी' लिहिलं. मग माझ्या फोनवर टाइप करून दाखवलं: मोठा धक्का बसला आणि मी बाहेर आले नाही, तर दार वाजव. मीही एकटी राहते.

त्या दिवसापासून मला जरा झोप लागायला लागली. खांब आणि पाणी जुलैतच आले होते, तरी.

1 सप्टेंबर 2023 ला शाळेत मुलं अशी कार्ड बघून ताब्यात द्यायची कवायत झाली. 1 सप्टेंबर हा तिथे आपत्ती निवारण दिन असतो, 1923 च्या कांतो भूकंपामुळे, आणि त्या वर्षी त्याला बरोबर शंभर वर्षं झाली होती. मैदानात टोप्या घातलेली मुलं रांगेत बसलेली, एकही चकार शब्द नाही. नियमच आहे: ढकलायचं नाही, पळायचं नाही, बोलायचं नाही, मागे फिरायचं नाही. मी रांगेत उभी राहिले, कार्ड तपासून बाईंनी लेक ताब्यात दिली. शाळेतून घरापर्यंत चालत जायचं आणि वाटेत कुठल्या भिंती, कुठली यंत्रं पडू शकतात ते मुलांनी पालकांना दाखवायचं, हा गृहपाठ. लेकीने कोल्ड्रिंकची सात मशीन मोजली.

एव्हाना मी हिरागाना, म्हणजे जपानीची सोपी मुळाक्षरं, शिकले होते, वॉर्डाच्या मोफत वर्गात, आठवड्यातून दीड तास. त्याचा उपयोग 1 जानेवारी 2024 ला झाला. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी घर होडीसारखं संथ डोलायला लागलं. टोकियोत जोर कमी होता, पण ते लांबत गेलं. टीव्ही लावला. नोटो द्वीपकल्प, मॅग्निट्यूड 7.6, तिकडे शिंदो 7. एनएचके या तिथल्या सार्वजनिक वाहिनीची निवेदिका अक्षरशः ओरडत होती. पडद्यावर मोठ्या अक्षरांत कांजी, म्हणजे अवघड चित्राक्षरं, नाहीत, फक्त हिरागाना: त्सुनामी! निगेते! त्सुनामी, पळा. मुलांना आणि परक्यांना वाचता यावं म्हणून ते तसं सोपं लिहितात. 1995 च्या कोबे भूकंपात परदेशी लोकांना सूचनाच कळल्या नव्हत्या, त्यातून ही 'सोपी जपानी' आली. जपानी टीव्हीवरचं कोणाच्याही मदतीशिवाय मी वाचलेलं ते पहिलं वाक्य. त्सुनामी दुसऱ्या किनाऱ्यावर होती, आम्हाला धोका नव्हता. तरी मी वाचता वाचता उभी राहिले होते.

फेब्रुवारीत टोकियोतल्या होंजोच्या अग्निशमन दलाच्या प्रशिक्षण केंद्रात गेलो. फुकट आहे, आधी नोंदणी करावी लागते. टेबल-खुर्च्या मांडलेल्या एका हलत्या खोलीत मोठ्या भूकंपाचा धक्का देतात. नवऱ्याला टेबलाचा पाय धरता आला नाही. गेल्या-गेल्या पहिल्या महिन्यातच जा, आमच्यासारखं आठ महिने थांबू नका.

मग 2024 चा ऑगस्ट. 8 तारखेला संध्याकाळी क्युशूजवळ समुद्रात 7.1 चा भूकंप झाला आणि जपानच्या दक्षिणेकडच्या समुद्रातल्या नानकाई खंदकात महाभूकंपाची शक्यता नेहमीपेक्षा वाढल्याची सूचना सरकारने पहिल्यांदाच दिली. दुसऱ्या दिवशी सुपरमार्केटमध्ये पाण्याचे कप्पे मोकळे. आमचे 36 लिटर घरात होते, त्यामुळे मी फक्त काकडी घेऊन आले.

9 ला, शुक्रवारी, नागपंचमी होती. मूळची डोंबिवलीची एक मैत्रीण योकोहामाला राहते, तिच्याकडे आम्ही चौघी जणी मुलांसकट जमलो होतो. चिरायचं नाही, तळायचं नाही, म्हणून पुरणाचे दिंड उकडायला ठेवले होते. आठला तीन मिनिटं कमी असताना खोलीतले सगळे फोन एकदम किंचाळले. भूकंपाच्या पहिल्या, वेगवान पण सौम्य लाटा यंत्रं टिपतात आणि मागून येणारी जोरदार लाट पोचायच्या आत इशारा देतात. 2007 पासून ही सोय आहे. मिळतात ती काही सेकंदं, अगदी जवळ केंद्र असेल तर तीही नाहीत. आम्ही बायका एकमेकींकडे बघत राहिलो. मुलं टेबलाखाली गेली सुद्धा. खालून लेकीने माझी ओढणी ओढली, "आई, डोकं!" मग हललं. कपाटाची दारं थडथडली, एक वाटी पडली. थांबल्यावर मैत्रिणीने गॅस बंद केला आणि दार उघडून चप्पल अडकवली. कानागावा प्रांतात केंद्र, 5.3, त्सुनामी नाही. हे सगळं मला टीव्हीवरून स्वतःचं स्वतः कळलं.

आजींचा मेसेज आला, सगळा हिरागानात, माझ्यासाठी: दायजोबु? ठीक आहात? सासूबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "नागपंचमीला शेषाने मान हलवली म्हणायची." हे मी आजींना सांगितलं तर त्यांनी लगेच कळवलं की त्यांच्याकडे जमिनीखाली मोठा मागूर मासा असतो, तो शेपटी हलवतो. गाड्या उशिराने होत्या, घरी पोचायला साडेअकरा झाले. दिंड डब्यात घालून आणले होते, त्यातले दोन आजींच्या दाराला पिशवीत अडकवले.

परतीचं थोडक्यात: वॉर्ड ऑफिसात स्थलांतराची नोंद, गॅस-वीज-पाणी बंद करायची पत्रं, विमानतळावर रेसिडेन्स कार्डाला भोक पाडतात. पाण्याचे खोके आणि खांब आजींना दिले. शाळेच्या कार्डावरचं नाव त्यांनी खोडू दिलं नाही.

ठाण्याचं आमचं घर 1979 च्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. ठाणे भूकंपाच्या तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या, झोनमध्ये येतं, आणि पालघरकडे डहाणू-तलासरीत 2018 च्या नोव्हेंबरपासून किती धक्के बसले ते आपण पेपरात वाचलंच आहे. तीस वर्षांवरच्या इमारतीला स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचं आहे. आमच्या सोसायटीत तो विषय रीडेव्हलपमेंटच्या भांडणात अडकलाय. मी तेवढं माझ्या हातातलं केलं. सुतार बोलावून लोखंडी कपाट आणि पुस्तकांचा रॅक गिट्ट्या मारून अँगलने भिंतीला बांधला. साहित्य आणि मजुरी मिळून 1,150 रुपये. "ताई, कपाट कुठे पळून जाणार आहे?" असं त्याने तीनदा विचारलं. सासूबाईंनी काही न बोलता त्यांच्या पलंगावरच्या माळ्यातला पितळी हंडा खाली काढून घेतला.

प्रत्येकाच्या पलंगाशी मी एक टॉर्च आणि जाड तळाची चप्पल ठेवते, काचांवरून चालायला. कामाच्या मावशी रोज सकाळी केर काढताना चारही जोड दाराबाहेरच्या स्टँडवर नेऊन लावतात, घरात चपला कशाला म्हणून. रोज रात्री मी त्या परत आत आणते.